हिरडीवरचा डाळिंबाचा दाणा

ब्रशवर रक्त दिसलं की बाई काय करते? गुळणी करते, बेसिन धुते आणि चहा ठेवायला जाते. मीही तेच केलं, आणि बरेच दिवस करत राहिले. ज्या कोणी या क्षणी बेसिन धूत असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यात औषधांची नावं फारशी सापडणार नाहीत. ती सांगायला डॉक्टर आहेत आणि डॉक्टरांच्याही आधी शेजारीण आहेच.

मी वडीगोद्रीच्या शाळेत इतिहास शिकवते. नवऱ्याचं, संदीपचं, हायवेच्या कडेला बी-बियाण्यांचं दुकान आहे. घरात तिसऱ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. नातं असो वा नसो, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की नातेवाइकांनी विचारणं सोडून सल्ले देणं सुरू केलं होतं, आणि मग सल्लेही थकले होते. त्यानंतर मला दिवस राहिले. त्यामुळे पोटातल्या जिवाचं घरात काय मोल होतं, ते वेगळं सांगत नाही.

दाणा

वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधे, हिरडीवर, ते उगवलं. आधी मोहरीएवढं, मग तुरीएवढं. पाचवा महिना सरता सरता ते डाळिंबाच्या दाण्यासारखं दिसायला लागलं. तसंच लाल, तसंच चकचकीत, बोट लागलं की फुटेलसं. आणि बोट लागलं की खरोखरच फुटायचं. भाकरीचा कडक पापुद्रा लागला तरी रक्त यायचं.

दुखत मात्र नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, हे आपल्याकडचं घरगुती वैद्यकशास्त्र. दुखत नाही म्हणजेच काहीतरी आहे, हे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरचं. तिथली तंबाखूनं सडलेल्या तोंडांची चित्रं मी पोरांना मुद्दाम नेऊन दाखवली होती. आता आरशासमोर ओठ वर केला की तीच चित्रं आठवायची. आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न यायचा, जो पहिल्याहून मोठा होता: हे जे काय माझ्या तोंडात आहे, ते खाली पोटात पोचेल का?

मी त्या बाजूला ब्रश फिरवणं बंद केलं. निजलेल्या कुत्र्याला वळसा घालून जावं, तसं. वर्गात हसू आलं की पदर तोंडावर जायचा. मॅडम यंदा लई कडक झाल्या, असा पोरांनी निष्कर्ष काढला आणि माझा तास आयुष्यात पहिल्यांदा शांत झाला. आजारपणाचा एवढा एक फायदा नोंदवायला हवा.

मिश्री

उशीची खोळ मला फितूर झाली.

"वर्षे, ही खोळ पाह्य. काय सांडून राह्यली हिच्यावर?"

"काही नाही आत्या. दातातून थोडं रक्त येतं."

"थोडं? अन् मला आता सांगून राह्यली?"

त्यांनी मला दारात उजेडाला बसवलं. "आ कर. आणखीन. शाळंत पोरांवर वरडती ना, तसा कर." मग हनुवटी धरून बराच वेळ पाहिलं आणि निदान केलं, "गरमी हाये. पोटातली वर चढली. थांब."

त्या उठून मिश्रीची डबी घेऊन आल्या. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची आणि कुटून तिची पूड करायची, ती मिश्री. आमच्याकडच्या कितीतरी बायकांची सकाळ ती बोटानं दातांवर घासल्याशिवाय उजाडत नाही.

"आत्या, तंबाखू आहे ती."

"तंबाखू तुझे सासरे खायचे. ही मिश्री हाये. हिरडी आवळून येती. माझे दात पाह्य, एक तरी पडला का?"

मी शिकलेली बाई आहे. शाळेच्या फाटकावरचा 'तंबाखूमुक्त शाळा' हा फलक मीच रंगवून घेतलाय. पण माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, आणि त्यानंतर कोणी माझी हनुवटी धरून तोंडात बोट घालून काही लावलं नव्हतं. आत्यांनी बोट पुढं केलं. मी आ केला.

चरचरलं, मग बधिर झालं. रक्त थांबल्यासारखं वाटलं. दुसऱ्या सकाळीही लावलं. तिसऱ्या सकाळी त्यांना हाक मारावी लागली नाही, मीच दारात जाऊन बसले.

सोहळा

सातव्यात आत्यांनी डोहाळजेवण काढलं. मला घरातल्या घरात, चार बायकांत हवं होतं. त्या ऐकेनात. "तुझी माय असती तर वाटूरला तुझ्या माहेरी झालं असतं. बिनमायची पोर हाये म्हणून चटणी-भाकरीवर भागवलं, असं कोणी म्हणायला न्हाई पाहिजे."

तर मंगल कार्यालय ठरलं. झोका, फुलांचे दागिने, पुठ्ठ्याचा चंद्र, निवेदन करायला जालन्याहून एक ताई आणि आकाशातून चित्रण करणारा ड्रोन. कार्यालयाला छत असल्याचं ड्रोनवाल्याला आयत्या वेळी कळलं. संदीपच्या मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला. वर माझा तोंड मिटलेला फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग, काळे चष्मे लावलेली, त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हते. सोलापूरहून धुळ्याकडे निघालेल्या प्रत्येक ट्रकला माझा सातवा महिना कळला.

फोटोवाला मागं लागला होता. "मॅडम, दात दिसू द्या. फुल स्माईल." मी त्याला गंभीर राण्यांचा इतिहास सांगणार होते, तेवढ्यात झाकलेल्या दोन वाट्या पुढं आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी एक वाटी उघडली. बर्फी. टाळ्या झाल्या. "आता ताईंनी एक गोड घास घ्यायचाय, कॅमेऱ्याकडं बघून!"

मी घास घेतला आणि तो दाणा फुटला.

बर्फी पांढरी असते. हनुवटीवरून ओघळ खाली फुलांच्या हारावर आला. गाणं चालूच होतं, पण बायका गप्प झाल्या. इतक्या गप्प की मागच्या रांगेतली कुजबूज मला स्पष्ट ऐकू आली, "गिराण पाळलं नसंल, गिराणात काई चिरलं असंल तिनं. लेकराच्या तोंडात बी उमटतं असलं."

आत्या उठल्या. नवी कोरी पैठणी नेसल्या होत्या. तिच्या पदरानं त्यांनी माझी हनुवटी पुसली आणि सगळ्यांकडं वळल्या. "काय बघून राह्यल्या? विडा खाल्लाय पोरीनं. रंगला विडा."

"पर विडा तर अजून ताटातच दिसून राह्यला," कोणीतरी म्हणालं.

"हा दुसरा. मी घरूनच दिल्ता. विडा जेवढा रंगतो तेवढी नवऱ्याची माया, म्हणतेत ना? मंग बघा आमच्या संदीपची!"

बायका हसल्या. संदीप दारात उभा होता, तो लाजला. कार्यक्रम पुढं सरकला.

मागच्या खोलीत आत्यांनी बर्फ फडक्यात बांधून माझ्या ओठाखाली धरला.

"उद्या जालन्याला जायचं," त्या म्हणाल्या.

"उद्या शाळा..."

"गेली शाळा चुलीत."

दातांचा दवाखाना

जालन्याच्या त्या दवाखान्यात भिंतीवर सत्काराचा एकही फोटो नव्हता, कोणा मंत्र्याबरोबरचाही नाही. मी तिथंच निम्मी बरी झाले. डॉक्टर सोनल यांचं घराणं राजस्थानातून आलेलं, कापडाच्या धंद्यात पिढ्या गेलेल्या. बोलणं स्वच्छ मराठी, मधूनच हिंदीत शिरून परत येणारं. त्यांनी दिवा खाली ओढला, ओठ उचलला आणि म्हणाल्या, "अच्छा. ही तर ओळखीची आहे."

इतके दिवस जी मला जगात एकटीलाच झाली होती, ती कोणाच्यातरी ओळखीची निघाली. त्या एका वाक्यानं माझे डोळे भरून आले. आ वासलेल्या माणसाला रडता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. सगळं पाणी कानात जातं.

त्यांनी सांगितलं ते असं. या दिवसांत हिरड्या हळव्या होतात. दातांवर किटण साचलं की नेहमीपेक्षा जास्त रुसतात, सुजतात, आणि कधीकधी त्यातून अशी मऊ गाठ येते. रक्तानं भरलेली, पण स्वभावानं गरीब. पुष्कळ जणींची बाळंतपणानंतर आपोआप ओसरते.

"कॅन्सर?" मी विचारलं. घरात हा शब्द तोवर कोणी उच्चारला नव्हता. सगळे 'तसलं काही' म्हणत होते.

"मला बघून तसं वाटत नाही. पण वाटण्यावर मी कोणाला घरी पाठवत नाही. काढलीच तर तपासायला पाठवू." मग आरसा फिरवत म्हणाल्या, "इथं ब्रश करणं कधीपासून बंद आहे?"

"रक्त यायचं म्हणून..."

"सगळ्या हेच करतात. रक्त येतं म्हणून ब्रश बंद, ब्रश बंद म्हणून किटण, किटण म्हणून गाठ मोठी. बरं, तंबाखू? सुपारी? मिश्री?"

मी खुर्चीत आडवी होते. आत्या पायाशी स्टुलावर. माझ्या तोंडून 'नाही' निघणारच होतं. खोटेपणापेक्षा सवयीनं, सासरची गोष्ट बाहेर न सांगण्याच्या सवयीनं.

"मी दिली," आत्या म्हणाल्या. "माझ्या बोटानं लावली. रोज सकाळी. तिला काय इचारता, मला इचारा."

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. "आजी, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीतून सरळ रक्तात उतरते."

"रक्तात म्हंजी... पोटात बी?"

डॉक्टरांना खोटं बोलता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. "हो. बाळाचं वजन कमी भरू शकतं. थोडेच दिवस झालेत, घाबरू नका. पण आजपासून बिलकुल बंद. आणि पोटाच्या डॉक्टरांना बराबर सांगा, लपवू नका."

आत्यांनी मान हलवली. मग आपला उजवा हात डाव्या हातात धरून बसून राहिल्या, तो हात दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा.

दोन देश

गाडीत संदीपला कळलं. अंबड येईपर्यंत तो ओरडत होता. "आई, अक्कल हाये का तुला? इतक्या वर्षांनी घरात लेकरू येऊन राह्यलंय अन् तू तंबाखू चारती?" अंबडनंतर त्यानं बोलणंच टाकलं, आणि ते जास्त वाईट होतं. आत्या खिडकीबाहेर बघत होत्या.

घरी पुढं बरेच दिवस तो आईशी माझ्यामार्फत बोलायचा. आई समोर भाकरी थापत असायची आणि हा मला सांगायचा, "आईला म्हणावं, वाढ." एकमेकांना मान्यता न देणाऱ्या दोन देशांमधला वकील झाले मी. इतिहासात अशा वकिलांचे हाल वाचले होते, त्यात अतिशयोक्ती नव्हती हे पटलं.

पोटाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. बाळाची वाढ ठीक होती, रक्त मात्र माझ्या अंगात कमी होतं. "आता वजनाकडं लक्ष ठेवू," त्या म्हणाल्या. ठीक आहे, असं त्या म्हणाल्या होत्या. आत्यांना त्यातलं फक्त 'लक्ष ठेवू' ऐकू आलं.

त्यांनी त्याच दिवशी मिश्री सोडली. डबी कुठं गेली ते मी विचारलं नाही. चाळीसएक वर्षांची सवय अशी एका फटक्यात सोडली की डोकं ठणकतं, हात कापतात, जीव कशात लागत नाही. त्या घरातली पितळी भांडी घासत सुटल्या. ज्यात कित्येक वर्षं कोणी पाणी भरलं नव्हतं ते घंगाळसुद्धा चमकायला लागलं. एकदा मागच्या ओट्यावर दिसल्या. उजव्या हाताचं बोट नाकाशी नेत होत्या, घासत होत्या, पुन्हा नाकाशी नेत होत्या.

मी संदीपला सांगितलं, "मला माहीत होतं ती तंबाखू आहे. मी स्वतःहून आ केला. बोलायचं तर मला बोला."

"तू कशाला पण? तू तर शिकलेली..."

"आई गेल्यापासून माझं तोंड कोणी असं हातात धरलं नव्हतं, म्हणून."

तो उठला. दुकानात निघून गेला. पण आईकडं बघायची त्याची नजर त्या दिवसापासून जरा सैल झाली. बोलणं मात्र नाहीच. घराण्याचा हट्ट आहे, बियाण्यातच येतो.

उजेड

दात साफ करून झाले. मऊ ब्रश, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, सगळं मन लावून केलं. सूज उतरली, पण तोवर तो दाणा दातांमध्ये सापडण्याइतका वाढला होता आणि जेवताना रक्त येतच होतं. अंगात आधीच रक्त कमी. दोन्ही डॉक्टरांचं फोनवर बोलणं झालं आणि काढायचं ठरलं, फक्त तेवढीच जागा बधिर करून.

अडल्या त्या आत्या. "गरवार बाईला लोखंड लावू न्हाई," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "अन् गाठीला तर बिलकुलच न्हाई. लोखंड लागलं की गाठ पसरती."

असल्या समजुतींवर मी वर्गात तासच्या तास हसलेली आहे. त्या दिवशी मात्र डॉक्टर काय उत्तर देतात, ते मी आत्यांइतक्याच आशेनं ऐकत होते.

"कापल्यानं गाठ पसरत नाही आजी, तो वहम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमच्या जिवाला शांती हवी तर सांगते. मी हिला लोखंड लावणारच नाही. लेझर आहे. उजेडानं काढते."

"उजेडानं?"

"हो. उजेडानं."

आत्यांनी बराच विचार केला. "उजेडाला न्हाई कसं म्हणावं," त्या म्हणाल्या.

खोलीत थांबायचं तर डोळ्यांना चष्मा हवा, असा नियम. आत्यांनी गडद चष्मा चढवला. कपाळावर हिरवं गोंदण, डोक्यावर पदर आणि तो चष्मा. चौकातल्या फ्लेक्सवर लावलं असतं तर सगळे शुभेच्छुक फिके पडले असते. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात सुई टोचली गेली. ती युक्ती आधीच ठरली होती की काय, कोण जाणे.

उजव्या कुशीखाली उशी देऊन मला जरा डावीकडं कलतं ठेवलं होतं, बाळाचा भार शिरेवर येऊ नये म्हणून. पुढचं फार काही सांगण्यासारखं नाही. दुखलं नाही. पापड जरा जास्त भाजला गेल्यासारखा वास आला. आत्यांनी माझ्या पायाचा अंगठा धरून ठेवला होता. मधेच पोटात एक सणसणीत लाथ बसली. मी 'अं' केलं, डॉक्टर थांबल्या, आत्यांनी अंगठा जवळजवळ उपटला. "लाथ," मी बधिर ओठांनी सांगितलं.

"मारू द्या," डॉक्टर म्हणाल्या. "चांगली सवय आहे."

काढलेला दाणा बाटलीत पडला. आत्यांनी चष्मा वर करून पाहिला. "एवढुसा? ह्याच्यासाठी समदं घर जागेवरून हाललं?"

साधी

तपासणीचा निकाल येईपर्यंतचे दिवस हेच खरं आजारपण. बाकीचं सगळं कामकाज असतं. करायला काही उरलं नाही की भीतीला बसायला जागा होते.

आत्या मला गार आंबील द्यायच्या, भाकरी दुधात कुस्करून द्यायच्या. माझं जेवण होईपर्यंत समोर बसायच्या आणि वाटीत लाल काही दिसतंय का ते बघायच्या. एरवी बोलायच्या नाहीत. भेटायला येणाऱ्या बायका मात्र भरपूर बोलायच्या. प्रत्येकीची एक आत्तेबहीण होती, तिलाही 'असंच' झालं होतं, आणि पुढचं वाक्य त्या गिळायच्या. अशा वेळी आत्या मला आत हाक मारायच्या, "वर्षे, दूध उतू चाललं." चूल थंड असायची.

एका दुपारी मोटारसायकल अंगणात आली. भर गिऱ्हाइकीत दुकान टाकून संदीप आला होता. निकाल त्याच्या मोबाइलवर आला होता. मी ओसरीवर पेपर तपासत बसले होते. तो माझ्यासमोरून तसाच स्वयंपाकघरात गेला.

"आई," तो म्हणाला, "साधी गाठ होती. डॉक्टर म्हणल्या, बिलकुल साधी."

आधी तिला सांगितलं. त्याबद्दल मला त्याचा राग आला नाही. खरं तर लग्नानंतर तो मला इतका कधीच आवडला नव्हता. आतून ताटली पडल्याचा आवाज आला.

निकाल पानभर इंग्रजीत होता. आमच्या घरानं त्यातला एक शब्द मराठीत करून घेतला: साधी. सोहळ्यांच्या काळात हा शब्द फार मागं पडलाय. तो अशा वेळी ऐकून बघा.

नवव्या महिन्यात त्याच जागी पुन्हा एक मोहरी उगवली. तसं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. या वेळी मी ब्रश थांबवला नाही, मिश्रीची तर गोष्टच नको. त्या मोहरीला मी तिचे तिचे दिवस राहू दिलं. बाळंतपणानंतर कधीतरी ती निघून गेली, नेमकी कधी ते कळलंसुद्धा नाही. वाचणाऱ्या बाईला मला सांगायचंय ते एवढंच: ब्रश थांबवू नका, घरच्या उपायाच्या आधी दाताचा डॉक्टर गाठा, आणि घरच्या उपायाबद्दल त्यांनी विचारलं तर खरं सांगा. हे तिन्ही मला उशिरा जमलं.

मोती

मुलगी झाली. जालन्यालाच. शुद्धीवर नीट येण्याआधीच मला दारातून आत्यांचा आवाज ऐकू आला. "वजन? वजन किती भरलं?" नर्सनं सांगितलं. व्यवस्थित होतं. "बराबर बघितलं का? काटा नीट हाये का?" नर्सनं पुन्हा तोलून दाखवलं.

पण त्यांनी मुलीला घेतलं नाही. संदीपनं घेतलं, माझ्या भावजयीनं घेतलं. आत्यांना कोणी दिलं की त्या म्हणायच्या, "हात धुऊन येते," आणि यायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच असताना मी विचारलं.

"ह्या बोटाचा वास जात न्हाई, वर्षे," त्या म्हणाल्या. "काय काय लावलं. जातच न्हाई."

मी बोट हातात घेऊन वास घेतला. साबणाचा वास होता. ते त्यांना पटलं नाही.

तेवढ्यात मुलगी रडली. नवजात बाळ रडतं तेव्हा तोंडाशिवाय त्याचं दुसरं काही उरतच नाही. आत्या लांबूनच वाकल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "हिच्या तोंडात काहीतरी हाये."

मी पाहिलं. वरच्या हिरडीवर, पुढच्या बाजूला, एक पांढरा ठिपका होता. शेजारी आणखी एक. डोहाळजेवणातली ती मागच्या रांगेतली कुजबूज माझ्या कानात स्पष्ट वाजली. शिकलेली बाई आहे मी, हे आधीही सांगितलंय. त्याचा उपयोग किती होतो तेही.

"दात घेऊन आली का? का माझ्यामुळं..." वाक्य अर्धंच टाकून आत्या खोलीबाहेर पळाल्या. पैठणी जपून नेसणारी, जिन्यावर कठडा धरून चढणारी बाई पळाली, आणि बाळांच्या डॉक्टरांना जवळजवळ बाहीला धरून घेऊन आली.

डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी बॅटरी लावली, बोटानं हलकेच ओठ वर केला. मी, आत्या आणि मागून आलेला संदीप, आम्ही तिघं त्यांच्या खांद्यावरून त्या एवढ्याशा गुलाबी तोंडात डोकावलो. मुलगी आणखी जोरात रडत होती, म्हणजे बघायला सोपं होतं.

"मोती आहेत," डॉक्टर म्हणाले. "दात नाहीत, गाठ नाही. कितीतरी बाळांना असतात. आपोआप जातील."

"आईच्या गाठीमुळं? का मिश्रीमुळं?" आत्यांनी सरळ विचारलं.

"कशाचाही संबंध नाही."

"लावायचं काय?"

"काही नाही."

"मध?"

"मधसुद्धा नाही. काहीच लावायचं नाही, आजी."

"मंग मी काय करू?"

डॉक्टरांनी बॅटरी खिशात ठेवली. "घ्या की तिला. किती रडतेय."

आत्यांनी कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले. मग पलंगाशी आल्या. संदीपनं मुलगी आईच्या हातांवर ठेवली आणि हात काढायला जरा वेळच लावला. आत्यांनी तिला छातीशी धरलं, खाली पाहिलं. तोंड अजून पूर्ण उघडं होतं.

"मिट गं बाई आता," त्या तिला म्हणाल्या. "पाह्यलं समद्यांनी."